सिंगल-शॉट रायफलची नळी किती इंचांची घ्यावी? अमेरिकेत हरणाच्या शिकारीला नव्याने लागलेल्यांसाठी

सिंगल-शॉट म्हणजे एका वेळी एकच काडतूस भरायची रायफल. ती घ्यायला गेलात की बंदुकीच्या दुकानात काउंटरपलीकडचा माणूस दोन मिनिटांतच विचारतो, "बावीस इंची दाखवू की सव्वीस?" आणि नवखा माणूस गांगरतो. मग तो घाईघाईत काहीतरी आकडा सांगून मोकळा होतो, आणि पुढची दहा वर्षं ती रायफल झाडाझुडपांत अडकवत फिरतो. खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी सोडवायचा असतो. आधी कागदपत्रं, मग राज्याचा नियम, मग काडतूस, मग बसायची जागा. एवढं ठरलं की नळीची लांबी दोन-तीन इंचांच्या फरकाने आपोआप ठरते.

मी ओहायोत राहतो. इथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि बहुतेक नेम शंभर-दीडशे यार्डांच्या आत असतात. खालचं सगळं त्या अनुभवातून आलेलं आहे. वायोमिंगच्या मोकळ्या माळावर शिकार करणाऱ्यांनी त्यात आपल्या परीने दोन-चार इंचांची भर घालावी.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात बंदूक कधी नव्हतीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भारतात शिकारीला बंदी आहे. कोकणात एखाद्याच्या आजोबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक असायची, तेवढंच. त्यामुळे अगदी पहिल्यापासून सांगतो.

हाताशी ठेवायच्या वस्तू: मोजपट्टी, साफसफाईचा गज, थोडी चिकटपट्टी, कापसाचा बोळा, चार फुटांची एक काठी किंवा प्लॅस्टिकचा पाइप, आणि कानाचं संरक्षण. पुढे क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) मिळाला तर उत्तम.

पायरी १ : लायसन्स आधी, बंदूक नंतर

नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना हा भाग सोपा आहे. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा व्हिसावर असणाऱ्यांना मात्र केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायलाच बंदी आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेलं, मुदत चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि मग घरात कुलपात ठेवलेली रायफलसुद्धा गुन्हा ठरते. म्हणून नूतनीकरणाची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची टाका. ग्रीन कार्डचा अर्ज मध्येच लटकलेला असेल तर दुकानदाराचं ऐकू नका. इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्या, फी वसूल होते.

दुकानात न्यायची कागदपत्रं:

- सध्याच्या पत्त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी. घर बदललं असेल तर आधी पत्ता बदलून घ्या, नाहीतर तिथूनच परत यावं लागेल.
- ग्रीन कार्ड. व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-९४.
- व्हिसावाल्यांनी शिकारीचं चालू लायसन्स. ते काढायला ओहायोत पहिल्यांदा हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. शिकाऊ लायसन्सची वेगळी सोय आहे.

दुकानात फॉर्म ४४७३ भरायचा असतो. त्यात गांजाबद्दल प्रश्न येतो. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी हा फॉर्म केंद्र सरकारचा आहे, हे लक्षात ठेवा. खोटं उत्तर देणं हा आणखी वेगळा गुन्हा.

पायरी २ : सोळा इंचांची रेघ

१९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे खांद्याला लावायच्या रायफलची नळी १६ इंचांपेक्षा कमी किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असली तर ती वेगळ्या वर्गात जाते आणि तिची केंद्राकडे आधी नोंदणी लागते. नोंदणीशिवाय ती बाळगणं म्हणजे तुरुंगाचं काम, आणि आपल्यासारख्यांच्या बाबतीत देशाबाहेर जाण्याचंही.

मोजायची पद्धत अशी: रायफल रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने दोनदा तपासा. मग ती बंद करा. तोंडाकडून साफसफाईचा गज हलकेच आत सोडा, तो आत टेकला की नळीच्या तोंडाशी गजावर चिकटपट्टी लावा, गज बाहेर काढा आणि टोकापासून पट्टीपर्यंत मोजा. चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीची, लांबी यात धरली जाते. तोंडावर नुसता आट्यांवर फिरवून बसवलेला मझल ब्रेक (धक्का कमी करणारा तुकडा) यात धरत नाहीत. कायमचा जोडलेला असेल तरच धरतात.

सिंगल-शॉटवाल्यांसाठी इथे एक खास सापळा आहे. थॉम्पसन/सेंटरच्या कंटेंडर आणि एन्कोर या बंदुकांच्या नळ्या घरच्या घरी बदलता येतात, आणि त्याच फ्रेमवर (बंदुकीच्या मधल्या सांगाड्यावर) पिस्तुलाची आखूड नळीही बसते. जुन्या बाजारात एखादा माणूस फ्रेम, रायफलचा दस्ता, २४ इंची नळी आणि वर दहा इंची पिस्तुलाची नळी असा सगळा संच विकतो. सगळं घेतलं तरी चालेल, पण दहा इंची नळी आणि खांद्याचा दस्ता एका वेळी एकाच फ्रेमवर कधीही चढवायचे नाहीत. पाच मिनिटं "बघू कसं दिसतं" म्हणूनसुद्धा नाही. बदलताना आधी दस्ता काढा, मगच आखूड नळी लावा. परत फिरवताना आधी लांब नळी, मग दस्ता. याच बंदुकीच्या संचावरून खटला १९९२ साली थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. तिथे कंपनी जिंकली, पण तुम्ही कंपनी नाही.

या रेघेपासून थोडं दूरच राहा. साडेसोळा इंचांच्या खाली शिकारीच्या रायफलला मला तरी काही कारण दिसत नाही.

पायरी ३ : तुमच्या राज्यात कोणतं काडतूस चालतं?

ओहायोत हरणासाठी रायफल वापरायची तर काडतूस सरळ भिंतीचं लागतं, म्हणजे बाटलीसारखी मान नसलेलं, आणि कॅलिबर (गोळीची जाडी, इंचांत) .३५७ ते .५० च्या दरम्यान. त्यात .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम, .३५० लेजंड, .४५० बुशमास्टर, .४५-७० ही बसतात. .३०८ किंवा .३०-०६ बसत नाहीत. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात बहुतेक भागांत तीच बाटलीच्या मानेची काडतुसं चालतात. म्हणजे कोलंबसमधल्या मित्राचा सल्ला पिट्सबर्गमधल्या माणसाला निम्माच उपयोगी. काही राज्यांत काडतुसाच्या लांबीवरही मर्यादा असते. राज्याची नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने येते. त्या वर्षीचीच वाचा.

.३५० लेजंड हे काडतूस २०१९ साली विंचेस्टरने आणलं ते मुळात अशा सरळ भिंतीच्या राज्यांसाठीच. धक्का कमी, काडतुसं मानाने स्वस्त, आणि ओहायोच्या अंतरांना पुरेसं. पहिल्या रायफलसाठी मी बहुतेकांना हेच सुचवतो.

पायरी ४ : काडतुसाला किती नळी लागते?

इथे थोडा वेळ काढा, कारण सगळा गोंधळ इथेच होतो.

चाप ओढला की दारू पेटते आणि दाब पहिल्या काही इंचांतच शिगेला पोहोचतो. त्यापुढची नळी म्हणजे पसरत जाणाऱ्या गरम वायूला गोळी ढकलायला मिळालेली जागा. दारू कमी आणि नळीचं भोक रुंद असेल तर वायू लवकर पसरतो, दाब लवकर उतरतो आणि पुढचे इंच फारसं काही देत नाहीत. दारू जास्त आणि भोक बारीक असेल तर उलट: शेवटच्या इंचापर्यंत गोळी वेग घेत राहते. .३०८ मध्ये साधारण ४५ ग्रेन (दारूच्या आणि गोळीच्या वजनाचं माप) दारू असते, .३०० विंचेस्टर मॅग्नममध्ये ७० च्या आसपास, आणि भोक दोन्हींचं तेवढंच. म्हणून मॅग्नमला लांब नळी लागते. लावली नाही तर ती जादा दारू तोंडाबाहेर जाळ आणि आवाज होऊन जाते, आणि त्याचे पैसे तुम्हीच दिलेले असतात.

काडतुसाच्या खोक्यावर छापलेला वेग बहुधा २४ इंची चाचणी-नळीतला असतो. काही काडतुसांना वेगळी लांबी वापरतात. .४५० बुशमास्टरचे हॉर्नडी कंपनीचे आकडे २० इंची नळीतले आहेत. म्हणजे २२ इंची नळी घेऊन "खोक्यावरचा वेग मिळत नाही" अशी चिंता करायचं त्या काडतुसाला कारणच नाही.

आता एक इंच म्हणजे किती? .३०८ च्या वर्गात एका इंचाला साधारण २० ते ३० फूट प्रति सेकंद, मोठ्या मॅग्नममध्ये ३० ते ५०. समजा .३०८ ची १५० ग्रेनची गोळी २४ इंचांतून २८२० फूट प्रति सेकंदाने निघते. नळी २० इंचांची केली तर ती २७००-२७४० वर येते. ऐकायला मोठा तोटा वाटतो. पण रायफल शंभर यार्डांवर जुळवलेली असेल तर दोनशे यार्डांवर गोळी जेमतेम पाव ते अर्धा इंच जास्त खाली बसते. हरणाच्या छातीतली नेम धरायची जागा आठ इंच रुंद असते. थंडीने हात कापला तर याच्या कितीतरी पट फरक पडतो.

सिंगल-शॉटसाठी माझा हिशेब असा:

- .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम: साडेसोळा ते २० इंच. १६-१८ च्या पुढे वेग जवळजवळ वाढतच नाही.
- .३५० लेजंड: १८ ते २२.
- .४५० बुशमास्टर, .४५-७०: २० ते २४. रुगर कंपनीने आपल्या नंबर वन या सिंगल-शॉटमध्ये .४५-७० ला २२ इंचच दिले, ते काही उगाच नाही.
- .३०-३०, ७ एमएम-०८, .३०८: २२ ते २४.
- .२५-०६, .२७०, .३०-०६: २४ ते २६. रुगरच्याच हलक्या मॉडेलमध्ये .२७० आणि .३०-०६ ला २२ इंच आहेत आणि ती रायफल हातात फार गोड बसते, पण .२५-०६ ला २२ इंच म्हणजे मला उधळपट्टी वाटते.
- ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, .३०० विंचेस्टर मॅग्नम: २६. यापेक्षा कमी घ्यायची असेल तर सरळ लहान काडतूस घ्या.

पायरी ५ : नळी नव्हे, रायफलची एकूण लांबी मोजा

सिंगल-शॉट घेण्यातलं खरं गुपित इथे आहे. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलमध्ये बोल्टला (काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याला) काडतुसाच्या लांबीएवढं मागे सरकायला जागा लागते आणि खाली मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, असतं. म्हणून चाप आणि नळीची सुरुवात यांच्यामध्ये बरंच लोखंड येतं. सिंगल-शॉटमध्ये हा भाग नाही. कब्जावर मोडणारी बंदूक असो, की खाली सरकणाऱ्या ठोकळ्याची रुगर नंबर वन, नळी जवळजवळ चापाच्या वरच सुरू होते.

आकड्यांत सांगायचं तर बोल्ट-अ‍ॅक्शनची एकूण लांबी म्हणजे नळी अधिक साधारण २० इंच. रुगर नंबर वनमध्ये नळी अधिक सव्वासोळाच्या आसपास. हेन्रीच्या सिंगल-शॉटमध्ये २२ इंची नळीला एकूण साडेसदतीस, म्हणजे अधिक साडेपंधरा. एन्कोरमध्ये २४ इंची नळीला साडेअडतीस. थोडक्यात, चार ते सहा इंच फुकट मिळतात. २६ इंची नंबर वन आणि २२ इंची बोल्ट-अ‍ॅक्शन शेजारी उभ्या केल्या तर उंची जवळपास सारखी भरते.

म्हणून "जंगलासाठी २० इंचच हवी" हा सर्रास मिळणारा सल्ला बोल्ट-अ‍ॅक्शनवाल्यांचा आहे. तो जसाच्या तसा सिंगल-शॉटला लावू नका. त्यांची २० म्हणजे आपली २४. हे फुकटचे इंच कुठे खर्च करायचे ते तुम्ही ठरवा: मॅग्नम काडतूस असेल तर वेगासाठी नळीत टाका, .३५० लेजंड असेल तर वाचवा आणि ३६ इंचांची आटोपशीर रायफल घेऊन फिरा. .३५० लेजंडला २६ इंची नळी लावून ते इंच वाया घालवण्यात अर्थ नाही.

पायरी ६ : काठी घेऊन मचाणावर बसा

दुकानात रायफल खांद्याला लावून छताकडे नेम धरला की सगळ्याच लांब्या बऱ्या वाटतात. तिथे काही कळत नाही.

एकूण लांबी ठरली की तेवढी काठी किंवा पाइप कापा. ज्या जागेत तुम्ही बसणार आहात तिथे हंगामाआधी ती घेऊन जा. डिसेंबरमधला जाड कोट अंगावर चढवा, हातमोजे घाला, काठी खांद्याला लावा आणि डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवा. लॅडर स्टँडवर (शिडीच्या मचाणावर) बसला असाल तर पुढचा आडवा दांडा आणि शेजारची फांदी बघा. कापडी ब्लाइंडमध्ये (लपून बसायच्या तंबूत) असाल तर काठीचं टोक खिडकीच्या बाहेर किती येतं ते बघा. टोक आत राहिलं तर बार काढल्यावर वायूचा फटका आतल्या कापडाला आणि तुमच्या कानांना बसतो. हातभर बाहेर आलं तर हरीण ते हलताना बघतं, आणि दिशा बदलताना टोक चौकटीला खटकन लागतं. तो आवाज साठ यार्डांवरच्या मादीला ऐकू जातो, आणि ती पाय आपटून सगळ्या रानाला सांगते.

कापडी ब्लाइंडमध्ये मला ३६ ते ३९ इंच एकूण लांबी सोयीची वाटते. शेताच्या बांधावर उघड्यावर बसणाऱ्याला ४२ इंचही जड नाहीत.

मचाणावर चढताना रायफल हातात किंवा पाठीवर घ्यायची नाही. रिकामी करून, उघडून, दोरीला बांधून तोंड खाली ठेवून वर ओढायची. लांब नळीचं तोंड चिखलात किंवा बर्फात टेकण्याची शक्यता जास्त असते. वर घेतल्यावर काडतूस भरण्याआधी चेंबरकडून नळीत डोळा लावून आरपार उजेड दिसतो का ते बघा. सिंगल-शॉटमध्ये हे दोन सेकंदांचं काम आहे, आणि नळी बुजलेली असताना बार काढला तर ती फाटते.

पायरी ७ : तोल, धक्का, आवाज

नळीच्या तोंडाकडचा एक इंच, जाडीप्रमाणे, साधारण २५ ते ५० ग्रॅम भरतो. चार इंच म्हणजे १०० ते २०० ग्रॅम. वजन म्हणून किरकोळ, पण ते अगदी टोकाला असतं म्हणून हाताला चटकन जाणवतं. सिंगल-शॉटचं मधलं धूड लहान असल्याने फार आखूड नळीची रायफल दस्त्याकडे झुकते आणि पुढचं टोक नेम धरताना भिरभिरतं. कब्जावर मोडणारी बंदूक कब्ज्याच्या खिळ्याजवळ बोटावर तोलून बघा. तिथे किंवा त्याच्या इंच-दोन इंच पुढे तोल आला तर उत्तम.

भोक मोठं असलं की त्याच बाहेरच्या जाडीची नळी हलकी होते, हेही ध्यानात घ्या. .४५० बुशमास्टरची आखूड नळीची, सात पाउंडांच्या आतली रायफल दुकानात पिसासारखी वाटते. रेंजवर मात्र तिचा धक्का .३०-०६ इतका लागतो. तिसऱ्या-चौथ्या बारानंतर डोळे आपोआप मिटायला लागतात आणि ती सवय मोडायला वर्ष जातं. तिथे २० ऐवजी २४ इंच घ्या. रायफल थोडी जड असणं हा दुर्गुण नाही.

आवाजाचं गणित सरळ आहे: नळी आखूड तितकं तोंड कानाजवळ आणि तितका दाब शिल्लक. मझल ब्रेकने धक्का कमी होतो पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो. ब्लाइंडमध्ये शेजारी मुलगा किंवा मुलगी बसणार असेल तर मी ब्रेक लावणार नाही. सायलेन्सर लावायचा विचार असेल तर सहा ते आठ इंच आधीच हिशेबात धरा. १ जानेवारी २०२६ पासून त्यावरचा २०० डॉलरचा केंद्रीय कर शून्य झाला आहे, नोंदणी मात्र अजूनही लागते आणि काही राज्यांत सायलेन्सरला बंदीच आहे. सायलेन्सरसाठी सिंगल-शॉट छान जमते: २० इंची नळी, वर सात इंचांचा सायलेन्सर, तरी एकूण ४३ च्या आत.

पायरी ८ : "लांब नळीचा नेम पक्का" हे विसरा

हा समज काळ्या दारूच्या जमान्यातला. तेव्हाच्या शार्प्स रायफलींना ३० इंच आणि त्याहून लांब नळ्या असायच्या. दारूचा जोर कमी होता म्हणून लांबी लागायची, आणि उघड्या साइटमध्ये मागची खाच आणि पुढची माशी यांच्यातलं अंतर जितकं जास्त, तितकी नेमातली चूक कमी. सोळा इंचांच्या अंतरात माशी एक शतांश इंच हलली तर शंभर यार्डांवर सव्वादोन इंचांचा फरक पडतो. तेच अंतर वीस इंच असेल तर पावणेदोनच्या जरा वर. दुर्बीण लावली की हा सगळा हिशेब संपला.

उलट, सारख्या जाडीची आखूड नळी जास्त ताठ असते. २० इंची नळी २६ इंचीपेक्षा दुपटीहून जास्त ताठ भरते. बारीक लांब नळीच्या सिंगल-शॉटमध्ये पुढचं लाकूड कशावर टेकवता त्याने गोळी वर-खाली होते. नेम धरताना बॅग किंवा दांडा नेहमी एकाच जागी, शक्यतो अ‍ॅक्शनच्या (चापावरच्या लोखंडी भागाच्या) जवळ टेकवायची सवय लावा.

उघड्या साइटनेच शिकार करायची हौस असेल तर मात्र दोन-चार इंच जास्त घ्यायला माझी हरकत नाही.

पायरी ९ : विकत घेताना

"कॉम्पॅक्ट" मॉडेल नळी आखूड आहे म्हणून घ्यायला जाल आणि फसाल, कारण त्याचा दस्ताही आखूड असतो. साडेपाच फुटी माणसाला उन्हाळ्यात टी-शर्टवर ते बरं वाटतं. जाड कोटावर तर कधी कधी अजूनच बरं. पण मोठ्या काडतुसाच्या धक्क्याने अंगठा नाकावर आणि दुर्बीण भुवईवर येते. दस्त्याची लांबी आणि नळीची लांबी हे दोन वेगळे निर्णय आहेत, दोन्ही मोजा.

जुनी रायफल घेत असाल तर नळीचं तोंड नीट बघा. कापसाचा बोळा तोंडाच्या आतल्या कडेवरून गोल फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे कड दुखावलेली आहे. ती नव्याने करून घ्यायला गनस्मिथ थोडी लांबी कापतो, म्हणजे २० इंचांची साडेएकोणीस होते. चालतं. पण आधीच सोळाच्या काठावर असलेल्या नळीला ते करता येत नाही.

दोन लांब्यांमध्ये निर्णय होतच नसेल तर लांब घ्या. नळी कापून आखूड करता येते. मात्र कापण्याआधी बघा: पुढची माशी कुठे आहे, पट्ट्याची कडी नळीवर आहे का, तोंडाला आटे आहेत का. हे सगळं कापण्यात जातं आणि नव्याने बसवायचा खर्च कधी कधी रायफलच्या निम्म्या किमतीला पोहोचतो. कंपनीची वॉरंटीही जाते. घरी करवतीने हे काम करू नका.

नळी बदलणाऱ्या बंदुकीत दोन गोष्टी: एन्कोरची नळी कंटेंडरवर बसत नाही, आणि कंटेंडरची फ्रेम .३०८ च्या दाबासाठी बनलेलीच नाही. जुन्या हँडी-रायफलला (एच अँड आरची कब्जावर मोडणारी सिंगल-शॉट) दुसरी नळी फ्रेमशी जुळवून घ्यावी लागते. ऑनलाइन मिळाली म्हणून आणून खटकन लावायची वस्तू ती नव्हे. चांगली बाजू अशी की अशा बंदुकांत दुर्बीण नळीवरच बसते. प्रत्येक नळीला तिची दुर्बीण कायमची लावून ठेवली तर बदलल्यावर नेम फारसा हलत नाही. माझ्या मते पहिल्या वर्षी मात्र एकच नळी, एकच काडतूस.

बाहेर घोडा असलेली बंदूक असेल तर दुर्बिणीखाली हातमोजा घातलेला अंगठा घोड्यापर्यंत जातो का, तेही दुकानातच बघा. जात नसेल तर घोड्याला बाजूला जोडायचा छोटा खुंटा पंधरा-वीस डॉलरला मिळतो.

पायरी १० : घरी आणल्यावर

पायरी दोनमध्ये सांगितलं तशी नळी स्वतः मोजा आणि आकडा कागदावर लिहून ठेवा. मग शक्य असेल तर रेंजवर क्रोनोग्राफ मागून घ्या आणि तुमच्या काडतुसाचा तुमच्या नळीतला खरा वेग घ्या, पाच बारांची सरासरी पुरे. बॅलिस्टिकच्या अ‍ॅपमध्ये खोक्यावरचा नाही, हा आकडा भरायचा. बार सावकाश काढा. बारीक नळी तापली की गोळ्या सरकायला लागतात, आणि शिकारीत तुम्ही नेहमी थंड नळीतूनच पहिला बार काढणार असता. म्हणून पहिल्या बाराची जागा कागदावर वेगळी नोंदवा. सिंगल-शॉटवाल्याला तोच महत्त्वाचा.

रायफल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात.

आणि भारतात जाण्याआधी: रेंजवर नेलेली पाठपिशवी, जॅकेटचे खिसे, कॅमेऱ्याची बॅग, सगळं उलटं करून झटका. विसरलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि सुटीचे दिवस वकिलाकडे जातात. नळीसुद्धा बंदुकीचा भागच आहे, "गावच्या काकांना दाखवायला" म्हणून तीही न्यायची नाही. प्रवासाला रेंजवर कधीच न नेलेली पिशवी वापरा.